इंग्लंडमध्ये वकील भरपूर, मग अशील एकटा का?

लंडनच्या ‘सिटी’ या आर्थिक व्यवहारांच्या भागातल्या बड्या फर्ममध्ये नुकती सनद मिळालेल्या सॉलिसिटरचा पगार २०२४ मध्ये वर्षाला दीड लाख पौंडांवर गेला. त्याच देशात सरकारी खर्चाने गरिबांची दिवाणी प्रकरणे चालवणाऱ्या सॉलिसिटरच्या फीचे दर मात्र १९९६ नंतर वाढले नव्हते. उलट २०११ मध्ये त्यांना १० टक्क्यांची कात्री लागली. इंग्लंड आणि वेल्समधल्या वकिली व्यवसायात आज जे काही बिघडले आहे, त्याची बरीचशी मुळे या तफावतीत आहेत. (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, ती इथे बाजूला ठेवू.)

आधी सॉलिसिटर म्हणजे कोण ते पाहू. आपल्याकडे एकच अ‍ॅडव्होकेट अशिलाला भेटतो, कागद तयार करतो आणि कोर्टात उभाही राहतो. तिकडे ही कामे दोघांत वाटलेली आहेत. अशील पहिल्यांदा जातो तो सॉलिसिटरकडे. घराची खरेदी, मृत्युपत्र, घटस्फोट, नोकरीवरून काढल्याची तक्रार, पोलीस ठाण्यातली चौकशी, कंपन्यांचे करार, हे सगळे सॉलिसिटर बघतो. मोठ्या कोर्टात युक्तिवाद करायची वेळ आली की तो सहसा बॅरिस्टर नेमतो. सॉलिसिटरांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास आहे आणि तिथल्या कायदा सेवांची उलाढाल वर्षाला ४० अब्ज पौंडांच्या पुढे जाते. म्हणजे वकिलांचा तुटवडा नाही. तरीही भाडेकरूला घराबाहेर काढण्याची नोटीस आली, तर आपल्या गावात त्याच्यासाठी उभा राहणारा सॉलिसिटर मिळेल याची त्याला खात्री नाही.

बाजार खुला झाला तो अशिलासाठी

२००४ मध्ये सर डेव्हिड क्लेमेंटी यांनी सरकारला एक अहवाल दिला. वकिलांची संघटनाच वकिलांवर देखरेख करते आणि तक्रारीही तीच ऐकते, यात अशिलाचे हित सांभाळले जात नाही, असा त्याचा रोख होता. त्यातून २००७ चा लीगल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट आला. १८२५ पासून चालत आलेली लॉ सोसायटी ही सॉलिसिटरांची प्रतिनिधी संस्था म्हणून राहिली. नियमनाचे काम सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी म्हणजे एसआरए करू लागली आणि सगळ्या नियामकांच्या डोक्यावर लीगल सर्व्हिसेस बोर्ड बसले.

याच कायद्याने वकील नसलेल्यांनाही वकिली फर्मची मालकी घेता येऊ लागली. २०१२ मध्ये एसआरएने असे पहिले परवाने दिले आणि त्यात दुकानांची साखळी चालवणारा को-ऑपरेटिव्ह समूहही होता. बाहेरचे भांडवल आले की स्पर्धा वाढेल, फी उतरेल, सेवा सुधारेल, असा हिशोब होता. काही ठिकाणी तसे झालेही. २०१८ च्या डिसेंबरपासून घरखरेदी, वारसा, नोकरीचे वाद अशा ठरावीक कामांची फी फर्मला आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते, आणि ही सुधारणा मला मनापासून पटते. आपल्याकडे आजही वकिलाची फी विचारायला लोक संकोचतात.

एक गोष्ट मात्र तिथल्या लोकांनाही अनेकदा माहीत नसते. कायद्याने फक्त सहाच प्रकारची कामे राखीव ठेवली आहेत: कोर्टात युक्तिवाद करणे, दावा चालवणे, जमीन-घराच्या हस्तांतराचे ठरावीक दस्त करणे, मृताच्या मालमत्तेसाठी प्रोबेटचे कागद करणे, नोटरीची कामे आणि शपथ देणे. बाकी कायद्याचा सल्ला जवळजवळ कोणीही देऊ शकतो, त्याची फीही घेऊ शकतो. मृत्युपत्र लिहून देण्याचा धंदा करायला सॉलिसिटर असावे लागत नाही. अशा माणसाकडून चूक झाली तर सॉलिसिटरच्या अशिलाला मिळणारे विमा, भरपाई निधी, वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल हे संरक्षण बहुधा मिळत नाही. आणि मृत्युपत्रातली चूक कळते तेव्हा ते करणारा जिवंत नसतो.

सॉलिसिटरच्या खात्यातला पैसा

आता या व्यवस्थेच्या सर्वांत नाजूक जागेकडे येऊ. इंग्लंडमध्ये घर घेताना पैसा थेट विकणाऱ्याच्या हातात जात नाही. करार पक्का होताना साधारण १० टक्के रक्कम आणि ताबा घ्यायच्या दिवशी बँकेचे कर्ज, दोन्ही आधी आपल्या सॉलिसिटरच्या ‘क्लायंट अकाउंट’मध्ये जमा होतात. तिथून समोरच्या सॉलिसिटरकडे जातात. हे खाते फर्मच्या स्वतःच्या पैशापासून वेगळे ठेवावे लागते. त्यातला एक पौंडही फर्मने आपल्या भाड्या-पगारासाठी वापरायचा नाही, हा या व्यवसायातला सर्वांत पवित्र नियम आहे.

२०२३ मध्ये अ‍ॅक्झिऑम इन्स या फर्मच्या अशिलांच्या खात्यातून सुमारे ६ कोटी ४० लाख पौंड गायब असल्याचे उघड झाले. ही फर्म झपाट्याने वाढत होती. सागरी कायद्यासाठी नावाजलेली इन्स ही जुनी फर्म अडचणीत असताना तिने त्याच वर्षी विकत घेतली, नंतर प्लेक्सस लीगल ही फर्मही घेतली. ऑगस्टमध्ये एसआरएने तिच्या तीन संचालकांवर कारवाई केली, ऑक्टोबरमध्ये फर्मच बंद केली. १,४०० च्या आसपास लोकांची नोकरी गेली. ज्यांचे घराचे पैसे त्या खात्यात होते, त्यांना आपली आयुष्यभराची पुंजी भरपाई निधीकडे अर्ज करून मागावी लागली. मोठ्या आर्थिक फसवणुकींचा छडा लावणाऱ्या सिरियस फ्रॉड ऑफिस या सरकारी यंत्रणेने गुन्हेगारी तपास सुरू केला.

भरपाई निधी भरतात देशातले सगळे सॉलिसिटर मिळून. या एका फर्ममुळे २०२४-२५ साठी प्रत्येक सॉलिसिटरची वर्गणी ३० पौंडांवरून ९० वर गेली आणि अशिलांचे पैसे सांभाळणाऱ्या प्रत्येक फर्मची ६६० वरून २,२२० वर. गावातल्या दोन खोल्यांच्या प्रामाणिक फर्मनेही हा भुर्दंड भरला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लीगल सर्व्हिसेस बोर्डाने करवून घेतलेला स्वतंत्र अहवाल आला. एसआरएने जी पावले उचलता आली असती आणि उचलायला हवी होती ती उचलली नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. मला यात सर्वांत गंभीर वाटते ते हे की, एक फर्म दुसऱ्या फर्म विकत घेत सुटली असताना पैसा कुठून येतो हा साधा प्रश्न वेळेवर नेटाने विचारला गेला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एसआरएने थेट विचारले, सॉलिसिटरांनी अशिलांचे पैसे स्वतःकडे ठेवावेतच का? त्याऐवजी तिसऱ्या संस्थेकडे का ठेवू नयेत? व्यवसायातून कडाडून विरोध झाला. एकमेकांवर अवलंबून असलेल्या घरखरेदींची साखळी एका दिवसात, काही तासांत पूर्ण करावी लागते, मध्ये आणखी एक संस्था आली तर सगळे अडेल, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण तो प्रश्न विचारण्याची वेळ आली यातच बरेच काही आले. २०२६ च्या जानेवारीत सरकारनेही याच खात्यांकडे मोर्चा वळवला. त्यांवर जमणाऱ्या व्याजाचा मोठा वाटा न्यायव्यवस्थेसाठी घ्यावा असा प्रस्ताव मांडला. छोट्या फर्म म्हणतात की या व्याजावर आमचा खर्च चालतो. तो पैसा मुळात कोणाचा, हे अशिलाला विचारायचे मात्र कोणाच्या फारसे मनात आले नाही.

‘जिंकलात तरच फी’

दुसरी घटना जास्त वेदनादायक आहे, कारण तिच्यात भरडले गेले ते साधे, कमी पगाराचे लोक.

ब्रिटनमधल्या अनेक विटांच्या घरांना दोन भिंतींमध्ये पोकळी असते. ऊर्जा वाचावी म्हणून सरकारी योजनांतून लाखो घरांच्या त्या पोकळीत थंडी अडवणारा थर भरला गेला. काही घरांत तो चुकीचा भरला गेला, भिंतींना ओल आली, बुरशी धरली. मग दारोदार माणसे फिरू लागली: भरपाईचा दावा करा, तुम्हाला एक पैसा खर्च नाही, हरलात तरी नाही.

भारतात वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. इंग्लंडमध्ये ती कायदेशीर आहे. पण तिथे एक धोका असतो: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या वकिलाचा खर्च द्यायचा. म्हणून दावा दाखल करताना त्या खर्चापुरता विमा काढतात. ‘जिंकलात तरच फी’ हे आश्वासन त्या विम्यावर उभे असते. विमा ढासळला की आश्वासनही गेले.

शेफिल्डच्या एसएसबी ग्रुप या फर्मने असे हजारो दावे घेतले. २०२४ च्या सुरुवातीला ती बुडाली. अनेकांचे दावे आधीच मागे घेतले गेले होते किंवा फेटाळले गेले होते, आणि विमा कंपन्यांनी पैसे द्यायला नकार दिला. मग प्रतिपक्षाच्या वकिलांनी खर्चाची बिले थेट घरमालकांना पाठवली, हजारो पौंडांची. ज्यांनी ओल आली म्हणून सही केली, त्यांच्यावर घर जप्त होण्याची टांगती तलवार आली. उत्तर इंग्लंडच्या जुन्या गिरणी-गावांतल्या स्थलांतरित वस्त्यांत असे बरेच लोक आहेत आणि त्यातल्या अनेकांची पहिली भाषा इंग्रजी नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या अहवालाने याही वेळी एसआरएला दोष दिला. तक्रारी येत होत्या, पण त्या सुट्या सुट्या बघितल्या गेल्या, एकत्र ठेवून त्यातला धोका कोणी ओळखला नाही.

स्वस्त, मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या दाव्यांना माझा विरोध नाही. एकट्या माणसाला बड्या कंपनीशी भांडायला दुसरा मार्ग बहुतेक वेळा उरलेला नसतो. पण ज्या फर्मकडे हजारो अशील आहेत आणि प्रत्येकाचे प्रकरण नीट वाचणारा अनुभवी सॉलिसिटर नाही, तिथे अशील म्हणजे फक्त एक फाइल क्रमांक होतो.

सरकारी मदतीचा आटलेला झरा

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने आरोग्यसेवेच्या बरोबरीने आणखी एक मोठी गोष्ट केली. १९४९ च्या कायद्याने गरिबाच्या वकिलाचा खर्च सरकारने उचलायला सुरुवात केली. १ एप्रिल २०१३ पासून एका नव्या कायद्याने या मदतीची व्याप्ती छाटून टाकली. कौटुंबिक वाद, नोकरीचे वाद, कल्याणकारी भत्ते, कर्ज, इमिग्रेशन, घरभाडे यांतली बहुतांश प्रकरणे बाहेर गेली. मुलांच्या ताब्याच्या वादातही मदत मिळेना, घरात अत्याचार झाल्याचा पुरावा दाखवता आला तरच अपवाद.

परिणाम कौटुंबिक न्यायालयात लगेच दिसला. खासगी कौटुंबिक प्रकरणांत दोन्ही बाजूंना वकील नाही अशा प्रकरणांचे प्रमाण आधी १५ टक्क्यांच्या आत होते, ते पुढे ४० टक्क्यांच्या जवळ गेले. म्हणजे विभक्त झालेले आई-बाप न्यायाधीशासमोर उभे राहून एकमेकांची उलटतपासणी घ्यायच्या बेताला आले. वाचवलेला पैसा कोर्टाच्या लांबलेल्या वेळेत पुन्हा खर्च झाला.

मदतीला पात्र असणाऱ्यांचीही अडचण कमी नाही, कारण दर परवडत नाहीत म्हणून फर्मनी ही कामे सोडली. लॉ सोसायटीच्या नकाशांप्रमाणे ४० टक्क्यांहून अधिक लोकसंख्येच्या स्थानिक हद्दीत घराच्या प्रकरणांसाठी सरकारी मदतीवर काम करणारी एकही फर्म नाही. घर आणि इमिग्रेशन या दोन कामांचे दर वाढवायला सरकार २०२५ मध्ये तयार झाले. इतक्या वर्षांनी झाले तरी त्याचे स्वागतच करायला हवे.

फौजदारी बाजूची गोष्ट वेगळी आहे. तिथे १९८४ च्या कायद्याने पोलीस ठाण्यात नेलेल्या प्रत्येकाला, श्रीमंत असो की गरीब, मोफत सॉलिसिटर मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क पाळतात ‘ड्युटी सॉलिसिटर’. रात्री दोनला फोन येतो, थंडीत गाडी काढून ठाण्यात जायचे, आणि फी बहुधा ठरलेली, चौकशी दोन तास चालो की सात. तरुण या कामाकडे वळेनात. छोट्या परगण्यांत तर पन्नाशी ओलांडलेल्या मोजक्या लोकांवर सगळी मदार आहे. २०२१ च्या अखेरीस सरकारने नेमलेल्या सर ख्रिस्तोफर बेलामी यांनी अहवालात लिहिले की फौजदारी मदतीच्या फीमध्ये किमान १५ टक्के वाढ ताबडतोब द्या, उशिराला जागा नाही. सॉलिसिटरांना त्याहून कमी मिळाली. लॉ सोसायटी सरकारविरुद्ध कोर्टात गेली आणि २०२४ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने तो निर्णय तर्कहीन ठरवला. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने आणखी वाढ जाहीर केली. दरम्यान गंभीर फौजदारी खटले चालवणाऱ्या क्राउन कोर्टातली प्रलंबित प्रकरणे २०२५ मध्ये ७५ हजारांच्या पुढे गेली. बलात्काराच्या तक्रारदार स्त्रिया वर्षानुवर्षे तारखेची वाट बघतात आणि काही जणी मध्येच हात टेकतात.

त्यातच २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारी मदत देणाऱ्या लीगल एड एजन्सीवर सायबर हल्ला झाल्याचे लक्षात आले. २०१० पासून अर्ज केलेल्या लोकांची माहिती, त्यात पत्ते, जन्मतारखा, आर्थिक स्थिती, गुन्ह्यांची नोंदही, चोरीला गेल्याचे मे महिन्यात जाहीर झाले. संगणक प्रणाली कित्येक महिने बंद राहिली आणि आधीच काठावर असलेल्या फर्मना अंदाजपंचे हप्त्यांवर दिवस काढावे लागले.

खरी फाइल, खोटे निकाल

यंत्राने लिहिलेल्या मजकुराचा प्रश्न इंग्लंडच्या कोर्टात २०२५ च्या जूनमध्ये थेट उभा राहिला. दोन प्रकरणे एकत्र ऐकली गेली. त्यातल्या एकात कतारमधल्या बँकेविरुद्धच्या ८ कोटी ९० लाख पौंडांच्या दाव्यात ४५ निकालांचे दाखले दिले होते आणि त्यातले १८ निकाल अस्तित्वातच नव्हते. ते अशिलाने शोधले आणि सॉलिसिटरने न तपासता पुढे धाडले. वकिलाने अशिलाच्या संशोधनावर विसंबावे, हे न्यायाधीशांना धक्कादायक वाटले. असे करणाऱ्याला न्यायालयाच्या अवमानाला, गंभीर प्रकरणात फौजदारी कारवाईलाही सामोरे जावे लागेल, असे त्यांनी बजावले.

त्याच्या महिनाभर आधी एसआरएने गारफील्ड लॉ या पूर्णपणे एआयवर चालणाऱ्या पहिल्या फर्मला परवानगी दिली होती. १० हजार पौंडांपर्यंतची थकलेली बिले छोट्या दाव्यांच्या कोर्टातून वसूल करून देणे एवढेच तिचे काम, आणि नम्र तगाद्याचे पत्र दोन पौंडांपासून. प्लंबर, सुतार, छोटा दुकानदार यांनी अशा रकमांवर आजवर पाणीच सोडले होते. माणूस जबाबदारी घेत असेल तर यंत्राचा हा उपयोग चांगला आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मझुर खटल्याच्या निकालाने वेगळीच खळबळ उडवली. सनद नसलेला कर्मचारी सॉलिसिटरच्या देखरेखीखाली मदत करू शकतो, पण स्वतः दावा चालवू शकत नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले. हजारो फर्मचे काम नेमके अशाच कर्मचाऱ्यांवर चाललेले. प्रकरण पुढे कोर्ट ऑफ अपीलमध्ये गेले. पण आपली फाइल खरोखर कोण हाताळतो, हा अशिलाचा जुना प्रश्न त्या निमित्ताने उघड्यावर आला.

आपला संबंध

२०२१ च्या सप्टेंबरपासून नव्याने सॉलिसिटर व्हायला निघालेल्यांसाठी एसक्यूई ही एकच सामाईक परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात प्रत्यक्ष कौशल्याची चाचणी. दोन्हींची फी मिळून आता ४,९०० पौंडांहून थोडी जास्त. भारतात सनद घेतलेल्या वकिलांना दोन वर्षांच्या उमेदवारीची अट लागू नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईतले कितीतरी तरुण या वाटेने जातात. त्यांना एवढेच सांगेन की परीक्षा पास होणे म्हणजे नोकरी आणि व्हिसा मिळणे नव्हे. शिकवणीवर कर्ज काढण्याआधी हा हिशोब करा. २०२४ मध्ये गुण मोजण्यातल्या चुकीमुळे १७५ जणांना नापास ठरवले गेले आणि नंतर ते पास असल्याचे कळले. नापास समजून काहींच्या हातच्या नोकऱ्या गेल्या.

मुंबईत सॉलिसिटरांची परंपरा आजही आहे आणि त्यांची परीक्षाही होते. मात्र उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतली सॉलिसिटर आणि अ‍ॅडव्होकेट यांची सक्तीची विभागणी १९७० च्या दशकातच संपली. २०२५ च्या मे महिन्यात बार कौन्सिल ऑफ इंडियाने सुधारित नियम काढून परदेशी फर्मना परदेशी कायदा आणि आंतरराष्ट्रीय लवाद यांपुरते दार उघडले. आपल्या कोर्टात त्यांना उभे राहता येणार नाही. बाहेरच्या भांडवलाची मालकी आपल्याकडे अजून नाही. तो विषय कधी निघालाच तर अ‍ॅक्झिऑम इन्स आणि एसएसबीचे अहवाल आधी टेबलावर ठेवावेत.

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला सॉलिसिटर लागतो तो मुख्यतः व्हिसा आणि घर या दोन कामांसाठी. व्हिसाचा सल्ला देण्याचा धंदा नोंदणीशिवाय करणे १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. सल्लागार सॉलिसिटर किंवा तशी अधिकृत सनद असलेला नसेल, तर त्याची नोंद इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीच्या यादीत हवी. ओळखीतल्या ओळखीत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नंबर मिळाला म्हणून पासपोर्टची प्रत आणि पैसे पाठवू नका. सॉलिसिटरचे आणि फर्मचे नाव एसआरएच्या नोंदवहीत पाहायला दोन मिनिटे लागतात.

घराचे पैसे भरायच्या दिवशी ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ अशी ईमेल आली तर ती जवळपास नक्की भामट्याची असते. आधीपासून आपल्याकडे असलेल्या फोन नंबरवर सॉलिसिटरशी बोलल्याशिवाय एक पौंडही हलवू नका. ‘जिंकलात तरच फी’ असेल तर विम्याची पॉलिसी मागून घ्या आणि दावा अर्धवट राहिला तर खर्च कोण देणार ते लेखी घ्या. सेवेबद्दल तक्रार असेल तर आधी फर्मकडे लेखी करा, उत्तराला आठ आठवडे द्या. समाधान झाले नाही तर लीगल ऑम्बड्समनकडे, म्हणजे वर सांगितलेल्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी फर्मचे अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिने आणि मूळ चूक घडल्यापासून किंवा लक्षात आल्यापासून एक वर्ष, अशा दोन्ही मुदती पाळाव्या लागतात. तिथे तक्रार नोंदवायला अशिलाला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही, आणि ५० हजार पौंडांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला आहे.